कचरा विभागाच्या मॅडम

एटापल्ली तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी लॅब टेक्निशियन आहे. गावोगावच्या आशा ताई तापाच्या रुग्णाच्या बोटातून रक्ताचा थेंब काढून काचेच्या पट्टीवर लावतात. त्या पट्ट्या, म्हणजे स्लाइडी, आमच्याकडे येतात. मी त्या रंगवते आणि मायक्रोस्कोपखाली मलेरियाचे जंतू शोधते. धान निसवायच्या, लोंब्या फुटायच्या दिवसांत इतक्या स्लाइडी येतात, की जेवताना वरणातही मला जांभळे ठिपके दिसायला लागतात.

मी मूळची घुग्घुसची. बाबा कोळशाच्या खाणीत शिफ्टला जातात, आई घरी असते. नोकरीचा हुकूम आला तेव्हा आईनं शेजारच्या मास्तरांना नकाशा घेऊन बसवलं होतं, पण त्यांना माझं गाव काही सापडलं नाही. इथं आल्यावर राहण्याजेवण्याची सोय लवकर लागली. अडचण वेगळीच होती. स्लाइडमध्ये काही न ओळखू येणारं दिसलं, तर विचारायचं कोणाला? आमचे डॉक्टर मनानं मोकळे. त्यांना बोलावलं की ते येत, मायक्रोस्कोपला डोळा लावत, बराच वेळ हं हं करत आणि शेवटी विचारत, "तुम्हाला काय वाटतं?"

पहिल्या वर्षी गडचिरोलीला प्रशिक्षण झालं. तिथं नागपूरहून शिकवायला आलेल्या मॅडमनी माझा नंबर घेतला आणि मला एका व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये घातलं. राज्यभरातले लॅब टेक्निशियन, पॅथॉलॉजीचे डॉक्टर आणि जंतुशास्त्राचे प्राध्यापक त्यात होते. अडलेल्या स्लाइडचा फोटो टाकायचा आणि जाणकारांनी उत्तर द्यायचं, एवढाच ग्रुपचा उद्योग. ॲडमिन होते पुण्याचे एक निवृत्त प्राध्यापक. त्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत. सरांचे नियम कडक होते. शुभ सकाळ नको, सणांच्या शुभेच्छा नकोत, रुग्णाचं नाव-गाव दिसता कामा नये, आणि प्रत्येक फोटोखाली रंग कोणता आणि लेन्स कितीची ते लिहायचंच. एकदा कोणी गुलाबाच्या फुलाचा फोटो टाकून सुप्रभात म्हटलं, तर सरांनी खाली विचारलं होतं, "रंग कोणता? लेन्स कितीची?" त्यानंतर गुलाब बंद झाले.

आमच्या आवारात रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीला लावलेल्या लोखंडी शिडीच्या तिसऱ्या पायरीवर. दुसऱ्या पायरीवर नाही आणि चौथीवरही नाही. त्यामुळे राज्यातल्या तज्ज्ञांशी माझा जो काही संबंध आला, तो सगळा एका हातानं शिडीचा गज धरून आला.

माझा पहिला फोटो फसला. मायक्रोस्कोपच्या भोकावर मोबाइल हातानं धरला होता, हात हलला आणि काळ्या पडद्यावर एक धूसर पांढरा गोल तेवढा आला. मी तो तसाच पाठवला. रत्नागिरीकडच्या एका टेक्निशियननं लिहिलं, "चंद्र छान आला आहे. जंतू कुठे आहे?" मी शिडीवरून खाली उतरले आणि दोन दिवस वर चढले नाही.

उपाय काढला आमच्या ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हर भाऊंनी. ते अहेरीचे. घरात सगळे शिवणकाम करणारे, हे एकटेच गाडीकडे वळलेले. मराठी, हिंदी, तेलुगू आणि कामापुरती माडिया, चारही भाषा ते एकाच वाक्यात वापरतात. त्यांनी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण कापून त्याची कडी केली, ती मोबाइलच्या मागं चिकटवली आणि मायक्रोस्कोपवर टोपी बसावी तशी बसवून दाखवली. तेव्हापासून माझे फोटो स्वच्छ येऊ लागले. सर कधीकधी 'उत्तम' असा एकच शब्द लिहीत. तो मी आईला फोनवर वाचून दाखवायची.

दोनेक वर्षं अशी बरी चालली. मी विचारायचे, ते सांगायचे. मग त्या वर्षीच्या धान निसवायच्या दिवसांत मला तो गोळा दिसला.

इथं लेन्सबद्दल थोडं सांगायला हवं. मायक्रोस्कोपला तीन भिंगं असतात: दहाचं, चाळीसचं आणि शंभरचं. आधी दहाच्या लेन्सनं स्लाइडवरची बरी जागा शोधायची, मग तेलाचा थेंब टाकून शंभरची लेन्स लावायची आणि जंतू बघायचे. मलेरियाचा जंतू शंभरशिवाय नीट दिसत नाही. म्हणून मी ग्रुपवर जेवढे फोटो टाकले होते, त्या सगळ्यांखाली 'लेन्स शंभरची' असंच लिहिलं होतं. बोटांना त्याची सवय झाली होती.

त्या दिवशी आत जंगलातल्या एका गावाहून आशा ताईंनी पाठवलेल्या स्लाइडी आल्या होत्या. त्यातली एक एका म्हाताऱ्या माडिया बाबांची. गावातच किटवर तपासून त्यांना मलेरिया निघाला होता, आशा ताईंनी औषधही सुरू केलं होतं. स्लाइड आली होती ती नुसत्या खात्रीसाठी. मी जागा शोधत होते तर मध्येच एक गोळा दिसला. गोल गरगरीत आणि सगळ्या अंगाला काटे. धोत्र्याचं बोंड असतं तसा. मी शिकताना पाहिलेल्या एकाही चित्रात असलं काही नव्हतं. मी झाकणाची टोपी बसवली, फोटो काढला, टाकीची शिडी चढले आणि नेहमीप्रमाणे रंगाचं नाव देऊन लिहिलं: तापाचा रुग्ण, रक्ताचा जाड थेंब, लेन्स शंभरची.

दुपारचं जेवण करून पुन्हा शिडीवर गेले तर पन्नासावर मेसेज.

नागपूरच्या मॅडमना ती कुठल्यातरी बुरशीची बी वाटत होती. रत्नागिरीवाल्यानं लिहिलं होतं, 'कचरा.' मग मुंबईचे एक मोठे डॉक्टर, जे वर्षवर्ष गप्प असत, ते बोलले. त्यांनी लिहिलं की हा भाग घनदाट जंगलाचा आहे, माणसं आणि जनावरं जवळजवळ राहतात, तेव्हा जनावरातून माणसात आलेला एखादा अनोळखी जिवाणू असू शकतो आणि घाईनं कोणी निष्कर्ष काढू नये. त्यानंतर सगळ्यांनी घाईनं निष्कर्ष काढायला सुरुवात केली. कोणी एका जनावरांच्या डॉक्टरांना ग्रुपमध्ये आणलं. त्यांनी आल्या आल्या विचारलं की रुग्णाकडे बकऱ्या आहेत का. मी लिहिलं की इथं सगळ्यांकडेच बकऱ्या आहेत. त्यावर त्यांनी 'अच्छा' असं लिहिलं, आणि त्या एका शब्दानं निम्मा ग्रुप घाबरला.

ही मोठी माणसं भांडतानाही फार सभ्य होती. "आदरणीय मॅडम, आपल्या अनुभवाचा संपूर्ण आदर राखून असं सुचवावंसं वाटतं," असं सुरू करून खाली दहा ओळींत त्यांचं म्हणणं कसं अशक्य आहे ते सांगत आणि शेवटी दोन हात जोडलेले. दुसऱ्या दिवशी कोणीतरी मतदान ठेवलं: बुरशी, जंतू की कचरा. जंतू पुढे चालला होता. सरांनी मतदान बंद केलं आणि लिहिलं, "जंतू मतांनी निवडून येत नाही. दुसरा नमुना पाहिल्याशिवाय मी बोलणार नाही." पण त्याच दुपारी त्यांनी मला वेगळा मेसेज केला होता. लेन्स नक्की शंभरचीच होती ना, एवढंच विचारलं होतं. मी तिसऱ्या पायरीवर उभी होते, खाली सिस्टर हाका मारत होत्या. मी 'हो सर' लिहिलं आणि उतरले.

खरं सांगायचं तर मला मजा यायला लागली होती. फक्त माझ्या स्लाइडसाठी म्हणून एक निराळा ग्रुप निघाला, आणि त्याचं ॲडमिन मला केलं. ज्यांची पुस्तकं वाचून मी पास झाले, ती माणसं आत येण्यासाठी माझ्या परवानगीची वाट पाहत होती. मुंबईच्या डॉक्टरांनी मला खाजगीत लिहिलं, की यावर लेख निघू शकतो आणि लेखकांच्या यादीत माझंही नाव असेल, मात्र नमुना दुसऱ्या कोणाकडे पाठवू नये. मी ते वाक्य चारदा वाचलं आणि शिडीवरून उतरताना पाय चुकला.

आईला सांगायला नको होतं. मी सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग त्या जंतूले आपलं आडनाव देतीन का वं?" मी म्हटलं, अजून काही ठरलं नाही. तिच्या दृष्टीनं ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. विहारात बायकांनी आईला माझ्याबद्दल चार शब्द बोलायला उभं केलं होतं, आणि खाणीच्या गेटवर शिफ्ट सुटताना लोक त्यांना विचारत होते की पोरीनं शोधलेला जंतू चावतो का.

दुसरा नमुना आणायचं ठरलं. औषध दिल्यावर रुग्णाची स्लाइड पुन्हा घ्यावी लागतेच, म्हणून आमच्या डॉक्टरांनी हरकत घेतली नाही. उलट तेही ग्रुप वाचून भारावले होते आणि जाताना म्हणाले, "जरा जपून, हातमोजे घालून घ्या." पाचव्या दिवशी सकाळी मी, ड्रायव्हर भाऊ आणि नमुन्यांची पेटी असे निघालो. मुख्य रस्त्यावर सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीचे ट्रक होते, त्यांच्या मागं लाल धूळ उठत होती आणि गाडीची काच लाल होत होती. पुढे जंगलाच्या रस्त्याला लागल्यावर धूळ बसली आणि भाऊ बोलायला लागले. मी त्यांना गोळ्याबद्दल सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकलं आणि विचारलं की तो गोळा म्हाताऱ्याला त्रास देतो आहे का. मी म्हटलं, माहीत नाही. ते म्हणाले, "मग आधी ते तर पाहू."

म्हातारे बाबा अंगणात बांबूच्या कामट्या काढत बसले होते. ताप गेला होता, तोंडात तंबाखू होती. आशा ताईंनी, ज्या त्यांच्या पुतणीच लागतात, त्यांना माडियात सांगितलं की बाई पुन्हा रक्त घ्यायला आल्या आहेत. बाबांनी माझ्या हातमोज्यांकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं आणि काहीतरी म्हटलं. भाऊ हसायला लागले. मी विचारलं तेव्हा आशा ताईंनी संकोचून सांगितलं, "ते म्हणते, माहा ताप त उतरला. आता हा कोणाचा ताप आहे?"

तरी त्यांनी बोट पुढे केलं. मी थेंब घेतला, काचेवर पसरवला आणि स्लाइड वाळवायला जागा बघू लागले. ओली स्लाइड उघड्यावर ठेवली की माश्या बसतात, मुंग्या येतात. मी इकडंतिकडं पाहत होते तर आशा ताई म्हणाल्या, "द्या इकडं, माही जागा आहे."

त्यांचं घर शेजारीच होतं. अंगणाच्या कडेला कुंपणालगत अंबाडीची रांग होती, माणसाच्या डोक्याएवढी वाढलेली, फुलांनी भरलेली. पिवळी फुलं, मध्ये गडद लाल. त्या झाडांच्या मधोमध दोन दगडांवर एक फळी होती आणि फळीवर तीन स्लाइडी ओळीनं वाळत होत्या. मी विचारलं, इथंच का? त्या म्हणाल्या, "बाकी कुठी ठेवलं का कोंबड्या तुडवते. अंबाडीत नाई शिरत त्या." त्यांनी बाबांची स्लाइड चौथी म्हणून ठेवली. ठेवताना त्यांचा दंड फांदीला लागला, आणि एका फुलातून पिवळी भुकटी काचेवर पडलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली.

भाऊंनी नंतर सांगितलं की त्यांना वाटलं मला चक्कर येते आहे. मी एक फूल तोडलं, कागदात गुंडाळलं आणि पेटीत ठेवलं.

लॅबमध्ये आल्यावर हातसुद्धा न धुता (धुवायला हवे होते) मी एक कोरी काच घेतली, तिच्यावर फूल झटकलं आणि शंभरची लेन्स लावली. काहीच ओळखू येईना. सगळीकडे नुसतं पिवळं, एका कडेला एक काटा. एवढं मोठं काही माझ्या स्लाइडमध्ये नव्हतं, म्हणजे अंबाडीचा संबंध नाही, असं वाटून मला क्षणभर फार बरं वाटलं. मग मी लेन्स बदलून दहाची लावली आणि तो समोर आला. गोल गरगरीत, सगळ्या अंगाला काटे. जुनी स्लाइड काढली. दहाच्या लेन्सखाली अगदी तोच गोळा, त्याच आकाराचा. म्हणजे पहिल्या दिवशी मी जागा शोधत असताना, लेन्स बदलायच्या आधीच फोटो काढला होता, आणि खाली सवयीनं शंभर लिहिलं होतं. गोळा होता त्यापेक्षा दहा पटींनी लहान असल्याचं मी सगळ्या राज्याला सांगितलं होतं. एवढ्या लहान काटेरी वस्तूचा अर्थ लावायचा म्हणून ती शहाणी माणसं पाच दिवस बुरशी आणि बकऱ्या यांच्यात फिरत होती.

म्हाताऱ्या बाबांची नवी स्लाइडही मी तपासली. मलेरिया नव्हता. परागकण होता.

मी बाहेर येऊन टाकीच्या कट्ट्यावर बसले. मनात एक पळवाट आलीच. दुसऱ्या नमुन्यात काही आढळलं नाही, एवढं लिहिलं तरी ते पूर्ण खोटं ठरलं नसतं. गोळा एक गूढ म्हणून राहिला असता, मी ॲडमिन राहिले असते आणि आईला काही सांगावं लागलं नसतं. भाऊ गाडीची काच पुसत होते. मी त्यांना सगळं सांगितलं, पळवाटेसकट. त्यांनी उपदेश केला नाही. नवीन नोकरीत असताना त्यांच्यावर आलेला एक प्रसंग सांगितला. या भागात एकाच नावाची दोन गावं आहेत. बाळंतपणाची बाई घ्यायला म्हणून ते चुकून दुसऱ्याच गावात गेले. गाडी पाहून तिथल्या लोकांनी त्यांना मानानं बसवलं, चहा दिला. चूक लक्षात आली होती, पण सांगायची लाज वाटली म्हणून त्यांनी चहा घेतला. मग लोकांनी आग्रह केला म्हणून दुसरा घेतला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तिसरा कप आला तेव्हा सांगाच लागलं. पह्यल्या कपालेच सांगतलं असतं तर बरं झालं असतं. बाई तिकडं वाट पाहून राह्यली होती."

मी शिडी चढले. एका हातानं लिहायला बराच वेळ लागला. सरांच्या ग्रुपवर अंबाडीच्या परागकणाचा फोटो टाकला, जुना फोटो शेजारी ठेवला आणि लिहिलं, की दोन्ही दहाच्या लेन्सनं घेतले आहेत, आधी शंभर लिहिलं ती माझी चूक, स्लाइड अंबाडीच्या झाडाखाली वाळवली होती, रुग्ण बरा आहे. सरांनी लेन्सबद्दल विचारलं तेव्हा न तपासता 'हो' म्हटलं, हेही लिहिलं. पाठवलं आणि तिथंच उभी राहिले.

मेसेज वाचणाऱ्यांची यादी भराभर वाढत गेली. कोणी काही लिहीना. इतकी शांतता त्या ग्रुपवर दिवाळीतही नसे. मग रत्नागिरीवाला आला. "मी पहिल्याच दिवशी कचरा म्हणालो होतो, हे नम्रपणे लक्षात आणून देतो." त्याच्या खाली तीस-चाळीस हसरी तोंडं जमली. जनावरांच्या डॉक्टरांनी लिहिलं की अंबाडी बकऱ्या आवडीनं खातात, एवढं त्यांचं बरोबर होतं. नागपूरच्या मॅडमनी अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालाव्यात की तांदळाच्या यावर दोन ओळी लिहिल्या, आणि पहिल्यांदाच सरांनी नियमाबाहेरचं बोलणं चालू दिलं. मुंबईच्या डॉक्टरांनी मला केलेले खाजगी मेसेज पुसून टाकले. मी ॲडमिन होते त्या ग्रुपमधून ते निघून गेले, आणि त्यांच्यामागून एकेक करत सगळेच. तासाभरात त्यात मी एकटी उरले. एकटीचा ग्रुप कसा बंद करतात हे मला माहीत नव्हतं, म्हणून तो अजून आहे.

संध्याकाळी सरांचा फोन आला. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते, लिहिण्यापेक्षा बराच मऊ होता. मी माफी मागायला लागले तर त्यांनी थांबवलं.

"तुमच्या फोटोत पांढऱ्या पेशी दिसत होत्या," ते म्हणाले. "बारीक ठिपक्यांएवढ्या. शंभरच्या लेन्सला त्या एवढ्या बारीक दिसत नाहीत. मला पहिल्याच दिवशी खटकलं होतं."

"मग सर, तुम्ही बोलला का नाही?"

"मला वाटलं, या वयात एखादा नवा जंतू पाहायला मिळतोय. म्हणून तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही हो म्हणालात. मला तेच ऐकायचं होतं."

मग त्यांनी मला एक काम दिलं. जंतू कसा दिसतो याची पुस्तकं पुष्कळ आहेत, पण जंतू नसलेलं काय काय असतं याची चित्रं कोणी जमवत नाही, आणि नवे टेक्निशियन तिथंच फसतात. तर मी आमच्या भागातल्या कचऱ्याचा संग्रह करावा, असं त्यांचं म्हणणं. प्रत्येक फोटोखाली लेन्स लिहावी. "पाहून," ते म्हणाले.

आईला सांगणं ग्रुपवर लिहिण्याहून अवघड गेलं. ती सगळं ऐकून म्हणाली, "म्हणजे अंबाडी निंगाली?" मी हो म्हटलं. ती मग म्हणाली, "विहारात मी काही सांगत नाई. आता दुसरं काही सापडलं का मंगच सांगीन." बाबांनी मात्र दुसऱ्याच दिवशी खाणीच्या गेटवर सांगून टाकलं, की तो जंतू चावत नाही, त्याची भाजी होते.

संग्रहाचं काम मी मनावर घेतलं. रस्त्यालगतच्या उपकेंद्रात काच उघडी ठेवून खाणीच्या ट्रकांची लाल धूळ धरली. ती तेलाखाली हुबेहूब रंगाच्या खड्यांसारखी दिसते. कापसाचा तंतू, कोळ्याच्या जाळ्याचा धागा, मोहाचे परागकण, माशीच्या पायाचा केस, सगळं जमलं. सुट्टीत घुग्घुसला गेले तेव्हा पेटी सोबत नेली आणि खिडकीत चार काचा मांडल्या. आई म्हणाली, "लोकं धूळ पुसते, तू काचेवर गोळा करून राह्यली?" पण दुपारी तिनं स्वतः येऊन त्या काचा उलट्या होणार नाहीत अशा सरकवून ठेवल्या. कोळसा आणि तिथल्या कारखान्याचं सिमेंट एकत्र असलेली ती स्लाइड माझ्या संग्रहातली सर्वांत देखणी आहे.

ग्रुपवर आता कोणी विचित्र काही टाकलं, की लोक मला हाक मारतात. 'हे मॅडमच्या विभागातलं दिसतंय,' असं लिहितात. सुरुवातीला थोडं टोचायचं. नंतर लक्षात आलं, की ते खरंच थांबून माझ्या उत्तराची वाट पाहतात.

मागच्या हिवाळ्यात सिरोंच्याकडच्या एका नव्या टेक्निशियन मुलीनं फोटो टाकला. ती तेलुगू बोलणारी, मराठी जपून लिहिणारी. फोटोत एक केळ्यासारखा वाकडा आकार होता आणि कडेला रंगाचे पुष्कळ डाग पडले होते. चौघापाच जणांनी लगेच लिहिलं, रंगाचा डाग, कचरा. एका वरिष्ठ डॉक्टरांनीही दुजोरा दिला. तिनं 'थँक्यू सर' लिहून विषय संपवला. मी शिडीवर होते. फोटो मोठा करून पाहिला. रंगाचे डाग मी इतके गोळा केले होते, की त्यांच्या कडा मला पाठ होत्या. या आकाराची कड तशी नव्हती आणि आत मधोमध बारीक काळे दाणे होते.

मी लिहिलं, "हा कचरा नाही. मलेरियाच आहे असं मला वाटतं." वरिष्ठ डॉक्टरांनी आदर राखून विचारलं की कशावरून. मी माझे पाच डाग त्यांच्यापुढे ठेवले आणि त्या मुलीला फोन लावला. तिला म्हटलं, लेन्स कितीची आहे ते आठवून सांगू नकोस, उठून बघ. ती गेली, पाहून आली आणि म्हणाली, "शंभर, अक्का." मग मी तिला त्याच स्लाइडवर आणखी शोधायला लावलं. अर्ध्या तासात तिला तसलेच आणखी तीन सापडले. रुग्ण गोदावरीत मासे धरणारा माणूस होता आणि तपासणीत काही नाही म्हणून घरी गेला होता. त्याला त्याच दिवशी परत बोलावून औषध दिलं. आठवडाभरानं तिनं कळवलं की तो पुन्हा नावेवर जायला लागला आहे. सरांनी ग्रुपवर 'उत्तम' लिहिलं. वरिष्ठ डॉक्टरांनी माझे ते पाच डाग त्यांच्या विद्यार्थ्यांना दाखवायला मागून घेतले.

तेव्हापासून ती मुलगी मला आठवड्यातून दोनदा तरी फोन करते. निम्मं बोलणं स्लाइडींचं असतं, निम्मं तिच्या खोलीतल्या गळक्या नळाचं. परवा तिनं एक फोटो पाठवला. लांबट, पारदर्शक काहीतरी, एका टोकाला चिरलेलं. लेन्स चाळीसची, दोनदा तपासली, असं स्वतःहून लिहिलं होतं. मी माझा सगळा संग्रह उलटापालटा केला, त्यातल्या कशाशीही ते जुळेना. मी तिला सांगितलं की मला हे माहीत नाही, आणि फोटो ग्रुपवर टाकला. नागपूरच्या मॅडमना तो माशाच्या खवल्याचा तुकडा वाटतो. जनावरांच्या डॉक्टरांनी पुन्हा बकऱ्यांची चौकशी केली आहे. रत्नागिरीवाला अजून काही बोललेला नाही, आणि आम्ही सगळे त्याची वाट पाहत आहोत.